हायब्रिड-ईव्हीचं काम: सर्व्हिस प्लग काढल्यावर आणखी काय बघायचं?

कृष्णाकाठ गॅरेज, सांगली

नमस्कार मंडळी. पेट्रोल-डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. हल्ली हायराईडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिड, हायक्रॉस आणि अधूनमधून नेक्सॉन ईव्ही यायला लागल्यात. कामं नेहमीचीच: ब्रेक पॅड, सस्पेन्शन, एसी, डेंटिंग-पेंटिंग. बॅटरी पॅक उघडायचा नाही हे पक्कं ठरलेलं आहे. पण केशरी (हाय व्होल्टेजच्या) वायरींच्या आसपास हात जातोच.

ऐकून माहीत असलेला क्रम असा: गाडी बंद करायची, १२ व्होल्टच्या बॅटरीची मायनस काढायची, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा पुरवठा तोडायचा प्लग) ओढायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि कामाला लागायचं. एवढं पुरतं का? इथल्या दुकानात ‘११ केव्ही’ छापलेले रबरी हातमोजे स्वस्तात मिळतात, ते चालतील का? नेहमीचा मल्टीमीटर चालतो का? आणि कुठल्या कामाला हे सगळं करायचं आणि कुठल्या कामाला गरज नाही, हे पोरांना कसं ठरवून द्यायचं?

इन्व्हर्टर_पुणे

तुमच्या क्रमात एक पायरी राहिलीय, आणि जीव त्याच पायरीवर अवलंबून आहे: मोजणं. प्लग काढला, दहा मिनिटं थांबलात, म्हणजे व्होल्टेज गेलं असेल असा अंदाज झाला. ते खरंच गेलंय का, हे फक्त मीटर सांगतो.

न जाण्याची कारणं बरीच आहेत. इन्व्हर्टरमध्ये (मोठ्या बॅटरीची वीज मोटरला देणारा डबा) मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. तिसऱ्या पिढीच्या प्रियसची बॅटरी २०१.६ व्होल्टची, पण इन्व्हर्टर ते ६५० व्होल्टपर्यंत चढवतो. म्हणजे बॅटरीचा आकडा बघून धोका मोजला तर फसगत होते. उदाहरणादाखल १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६५० व्होल्टला भरलेला असेल तर त्यात सुमारे २१० जूल ऊर्जा असते. माणूस मरायला तेवढी पुरेशी आहे. गाडी बंद करताना इन्व्हर्टर स्वतःच तो काही सेकंदांत रिकामा करतो, पण ते सर्किटच बिघडलं असेल तर भरवसा उरतो समांतर जोडलेल्या रेझिस्टरवर. तो १०० किलोओहमचा धरला तर ६५० वरून ६० व्होल्टवर यायला साधारण चार मिनिटं लागतात. पुस्तकात पाच किंवा दहा मिनिटं लिहिलेली असतात ती यासाठी. टोयोटाची दहा. बाकीच्यांची त्या-त्या मॉडेलच्या पुस्तकात बघा. आणि तो रेझिस्टरच तुटलेला असेल, तर तासभर थांबूनही उपयोग नाही.

दुसरं कारण कॉन्टॅक्टर. बॅटरी पॅकच्या आत प्लस आणि मायनसवर एकेक मोठा रिले असतो. १२ व्होल्ट गेले की तो सुटायला हवा. प्रीचार्ज (कॉन्टॅक्टर लागण्याआधी कपॅसिटर हळू भरणारं सर्किट) बिघडला असेल किंवा भारावर वारंवार उघडला असेल तर त्याचे पॉइंट एकमेकांना चिकटून वेल्ड होतात. अशा गाडीत १२ व्होल्टची बॅटरी काढली तरी केशरी वायरीत करंट असतो. सर्व्हिस प्लग पॅकच्या मधोमध साखळी तोडत असेल तर वाचलात. पण काही ईव्हीत ज्याला सर्व्हिस डिस्कनेक्ट म्हणतात ते कमी व्होल्टेजच्या वायरीचं कनेक्टर असतं. ते काढलं की कॉन्टॅक्टरचा पुरवठा तुटतो, इतकंच. कॉन्टॅक्टर चिकटलेला असेल तर त्याने काहीच होत नाही. म्हणून आपल्या हातातल्या गाडीत कुठला प्रकार आहे ते आधी पुस्तकात बघायचं.

आता क्रम सांगतो. सगळ्यात आधी स्कॅनर लावून कोड वाचा आणि लिहून ठेवा. इन्सुलेशनचा कोड असेल (टोयोटात पी०एए६) तर ती गाडी पहिल्या मिनिटापासून वेगळ्या नजरेने बघायची. हाय व्होल्टेजची बाजू बॉडीपासून पूर्ण वेगळी, तरंगती असते. त्यामुळे एका वायरीचं इन्सुलेशन गेलं तरी काही जाणवत नाही, गाडी चालत राहते. पण तेव्हा अख्खी बॉडी त्या एका टोकाला जोडली गेलेली असते. मग एक हात बॉडीवर आणि दुसरा दुसऱ्या टोकावर पडला की सर्किट माणसातून पूर्ण होतं.

मग गाडी ‘पी’मध्ये, चाकांना ठोकळे. ईव्ही असेल तर चार्जिंगची गन काढा. मोबाईल ॲपवरून लावलेलं चार्जिंगचं किंवा एसीचं वेळापत्रक मालकाला बंद करायला सांगा. काही ईव्ही उभ्या असताना १२ व्होल्टची बॅटरी उतरली की स्वतःहून जाग्या होऊन मोठ्या बॅटरीतून ती भरून घेतात. त्या वेळी डॅशबोर्ड काळा असतो आणि कॉन्टॅक्टर मात्र लागलेले असतात. स्मार्ट की निदान पाच मीटर लांब, कुलपात.

१२ व्होल्टची मायनस काढण्याआधी डिकी उघडून ठेवा. बऱ्याच हायब्रिडमध्ये ही बॅटरी मागे असते आणि डिकीचं लॉक विजेवर चालतं, नंतर आत शिरायची पंचाईत. काढलेल्या टोकाला टेप गुंडाळा, ते परत टेकता कामा नये. बाहेरचा १२ व्होल्टचा चार्जर लावलेला असेल तर तोही काढा.

आता मोजे, फेस शील्ड घालून सर्व्हिस प्लग काढा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवा. टूल ट्रॉलीवर नाही, सीटवर नाही. सॉकेटचं तोंड टेपने बंद. प्लग बाहेर असताना गाडी ‘रेडी’ (चालायला तयार) करून बघू नका.

ठरलेली मिनिटं थांबलात की मोजणं. जिथे काम करायचं त्याच्या सगळ्यात जवळ, साधारण इन्व्हर्टरच्या डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह) टर्मिनलवर. आधी मीटर चालू आहे याची खात्री: दुसऱ्या गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर डीसी रेंजमध्ये लावून आकडा बघा. मग तीन मापं: प्लस ते मायनस, प्लस ते बॉडी, मायनस ते बॉडी. मग परत त्या १२ व्होल्ट बॅटरीवर मीटर तपासा. मधल्या वेळात लीड तुटली किंवा मीटर बंद पडला, तर शून्य दिसतं आणि माणूस फसतो. हे शेवटचं तपासणं पोरं हमखास टाळतात, तेवढं अंगवळणी पाडा.

शून्य आलं पाहिजे. एक-दोन व्होल्ट दिसून उतरत असतील तर उतरू द्या. आकडा एका जागी अडून बसला असेल तर कव्हर लावा आणि थांबा, तिथे पुढचं काम नाही. आणि शून्य दिसेपर्यंत ती गाडी चालू लाईनच समजायची. मोजताना मोजे, शील्ड अंगावरच.

रबरीमोजे_नाशिक

वरचं सगळं बरोबर. मी मोजे आणि मीटरबद्दल लिहितो, कारण तिथे दुकानदार काहीही विकतात.

मोज्यावर क्लास असतो. क्लास ०० म्हणजे ५०० व्होल्ट एसीपर्यंतच्या (घरच्या विजेसारखा प्रवाह) कामाला, क्लास ० म्हणजे १००० व्होल्ट एसी किंवा १५०० व्होल्ट डीसीपर्यंत. गाड्यांसाठी क्लास ० घ्या. त्याची चाचणी ५००० व्होल्टला झालेली असते, म्हणून काही ठिकाणी ५ केव्ही असं छापलेलं दिसतं. ती चाचणी आहे, वापरायची मर्यादा नव्हे. मोज्यावर आयईसी ६०९०३ किंवा आयएस ४७७० हा मानक क्रमांक, क्लास, साईज, बनवल्याचा महिना-वर्ष हे ठळक हवं. नुसतं ‘११ केव्ही’ आणि विजेचं चित्र एवढंच असेल तर तो मोजा फरशी धुवायला वापरा. आणि खरोखर ११ केव्हीच्या लाईनवर वापरायचा मोजा इतका जाड असतो की त्याने कनेक्टरची खिट्टी दाबताही येत नाही.

वापरण्याआधी दर वेळी हवा भरून बघायचं. मोज्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून बोटांच्या दिशेने गुंडाळत न्या, आत हवा अडकून बोटं फुगतात. गुंडाळी घट्ट धरून गालाजवळ फिरवा. टाचणीएवढं भोक असेल तरी हवेची झुळूक गालाला लागते. मग बोटांच्या बेचक्यात ताणून चिरा बघा. भोक निघालं की कात्रीने मधोमध कापून टाका, नाहीतर कुणीतरी तो परत कपाटात ठेवतं.

रबरी मोज्यावर कातडी मोजा घालायचाच. कातडं विजेपासून वाचवत नाही, रबराला कापण्यापासून वाचवतं. त्याची मनगटाची बाजू रबरापेक्षा निदान अर्धा इंच आखूड हवी, घामाने ओलं कातडं हाताला टेकलं तर रबराचा उपयोगच संपला. आत पातळ सुती मोजा घातला तर घाम शोषला जातो. ग्रीस, ऑइल, पेट्रोल रबराला लागू देऊ नका, ते फुगतं आणि मऊ पडतं. वापरातल्या जोडीची लॅबमध्ये चाचणी दर सहा महिन्यांनी. तारीख मोज्याच्या पिशवीवर लिहा.

मीटर: कॅट ३ (मीटरच्या सुरक्षेचा दर्जा), १००० व्होल्ट. हे मीटरवर आणि लीडवर, दोन्हीकडे छापलेलं हवं. चांगल्या मीटरला स्वस्तातल्या लीड लावल्या तर दर्जा लीडचाच धरायचा. दोन-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरवर १००० व्होल्ट लिहिलेलं असलं तरी आत तशी फ्यूज आणि अंतर नसतं. दुसरी आणि जास्त घातक चूक: आधी कुणीतरी ॲम्पिअर मोजलेत आणि लाल लीड १० ॲम्पिअरच्या भोकातच राहिलीय. तशी लीड हाय व्होल्टेजवर टेकली म्हणजे सरळ शॉर्ट. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तो शून्यावर येतच नाही, ज्वाळा धरून राहते आणि तांबं वितळवत राहते. मीटर हातात घेतला की आधी लीड कुठल्या भोकात आहेत ते बघायचं.

आणि एक, इलेक्ट्रिशियनकडून आलेल्या पोरांसाठी मुद्दाम: निऑन टेस्टर आणि नुसता जवळ नेल्यावर वाजणारा पेन टेस्टर इथे निरुपयोगी. पेन टेस्टर एसीच ओळखतो. निऑनला जमिनीकडे परतीचा रस्ता लागतो, तरंगत्या सर्किटमध्ये तो मिळत नाही. दिवा लागला नाही म्हणून हात घातला असं होऊ देऊ नका.

पाने, स्क्रू ड्रायव्हर आयईसी ६०९०० चे, दोन त्रिकोण आणि १००० व्होल्टची खूण असलेले. टेप गुंडाळलेला पाना त्यात मोडत नाही. पायाखाली आयएस १५६५२ ची मॅट. अंगात सुती कपडे. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन बाहेर. देवाचा गंडा असेल तर धातूचा नाही ना ते बघा.

थंडहवा_कोल्हापूर

दादा, एसीचं वाचून लगेच लिहितोय, कारण हे नुकसान गाडी गेल्यावर कळतं.

हायब्रिड-ईव्हीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही. आत हाय व्होल्टेजची मोटर असते आणि तिचं वाइंडिंग गॅस-ऑइलमध्येच बुडालेलं असतं. म्हणून त्याला पीओई ऑइल लागतं, टोयोटा-डेन्सोत एनडी-११. आपल्या मशीनमध्ये साध्या गाड्यांचं पीएजी असतं. पीएजीतून करंट गळतो. थोडंसं जरी आत गेलं तरी वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन ढासळतं, गाडी पी०एए६ टाकते आणि ‘रेडी’ व्हायला नकार देते. ऑइल कॉम्प्रेसर, कंडेन्सर, इव्हॅपोरेटर, पाईप असं सगळीकडे पसरतं, धुऊन पूर्ण निघत नाही. मग कॉम्प्रेसरसकट एसीची अख्खी लाईनच बदलायची पाळी येते.

तेव्हा गॅस भरताना ऑइल मशीनला आपोआप घालू द्यायचं नाही. आधीच्या गाडीचं ऑइल पाईपमध्ये असतंच, म्हणून हायब्रिडसाठी नळ्या वेगळ्या ठेवा किंवा मशीनमध्ये नळी धुण्याचा प्रोग्रॅम असेल तर तो चालवा. लीक शोधायचा रंगही पीएजीत कालवलेला येतो, डबीवर हायब्रिडला चालतो असं लिहिलं नसेल तर घालू नका. कुठलं ऑइल ते कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर असतं.

नुसता गॅस भरायला सर्व्हिस प्लग काढायची गरज नाही. कॉम्प्रेसर उतरवायचा असेल तर वर सांगितलेला पूर्ण क्रम, आणि मोजणी कॉम्प्रेसरच्या केशरी कनेक्टरवर.

स्पार्कप्लग_सातारा

मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) घेऊन एकदा बॅटरीच्या प्लस-मायनसला १००० व्होल्ट सोडून बघितलं तर इन्सुलेशन चटकन कळतं. शून्य व्होल्ट मोजण्यापेक्षा सोपं.

इन्व्हर्टर_पुणे

सातारकर, असं कृपा करून कुणी करू नका.

मेगर स्वतः व्होल्टेज सोडतो. तो व्होल्टेज आहे की नाही हे बघायचं साधन नाही. प्लस आणि मायनसच्या मध्ये लावला तर इन्व्हर्टर, डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि चार्जरमधले ट्रान्झिस्टर, आणि बॅटरीकडची मॉनिटरिंग सर्किटं एका झटक्यात जातील. आणि लाईन जिवंत असेल तर मेगरच फुटेल.

मेगरची जागा नंतरची आहे. शून्य मोजून झालं, ज्या भागावर संशय आहे त्याचे कनेक्टर दोन्ही बाजूंनी काढले, की त्या भागाचं एक टोक आणि त्याची धातूची बॉडी यांच्यात मापायचं. बहुतेक पुस्तकांत ५०० व्होल्टची रेंज दिलेली असते. कंपनीने वेगळी दिली असेल तर तीच. संयुक्त राष्ट्रांच्या आर१०० नियमावलीनुसार डीसी बाजूला प्रत्येक व्होल्टमागे निदान १०० ओहम आणि एसी बाजूला ५०० ओहम लागतात. दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या असतील तर धोरण म्हणून ५०० धरा. आपल्याकडे चारचाकींसाठी एआयएस-०३८ आहे, तो त्याच धर्तीवर. नेक्सॉनच्या ३२० व्होल्टच्या आसपासच्या पॅकला ५०० ने गुणलं तर १६० किलोओहम. हा किमान आकडा झाला. निरोगी कॉम्प्रेसर, केबल, मोटर यांचं माप मेगाओहममध्ये येतं. १ मेगाओहमच्या खाली घसरलेला भाग अजून ‘पास’ दिसला तरी संशयाने बघा, पुढच्या पावसाळ्यात तो कोड टाकणार.

मोजून झालं की तो भाग बॉडीला टेकवून डिस्चार्ज करा, लांब केबलमध्ये मेगरचा चार्ज राहतो.

कृष्णाकाठ गॅरेज, सांगली

फार उपयोगी. आता कामांची वाटणी कशी करू? ब्रेक पॅडसाठीही प्लग काढायचा का? आणि डेंटिंगवाला बाहेरचा मिस्त्री आहे, त्याला काय सांगू?

नेकर_काठ

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ याच कामात आहे. इथे पद्धत अशी: कामगारांचे तीन स्तर, १एस, २एस, ३एस. पहिल्याने हाय व्होल्टेजशी संबंध नसलेली कामं करायची, तीही माहिती दिल्यानंतरच. दुसरा गाडी मृत करून (म्हणजे हाय व्होल्टेज तोडून, शून्य मोजून) हाय व्होल्टेजचे भाग बदलू शकतो. तिसरा जिवंत भागावर, म्हणजे मुख्यतः उघडलेल्या बॅटरीवर. तुमच्या गॅरेजमध्ये हेच साध्या भाषेत लावा: एक माणूस गाडी मृत करणारा, प्लग आणि चावी त्याच्याच ताब्यात. त्याने शून्य मोजून बोनेटवर पाटी लावल्याशिवाय दुसऱ्याने केशरी भागाला हात लावायचा नाही. पाटीवर त्याचं नाव, वेळ आणि मोजलेला आकडा. तो जेवायला गेला तर काम थांबतं. आपल्याकडे आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा ट्रेड आहे, पोरांपैकी एकाला तिकडे पाठवता आलं तर बघा.

ब्रेक पॅडसाठी प्लग काढायची गरज नाही. पण धोका वेगळा आहे. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये ब्रेकचा दाब विजेच्या पंपाने तयार होतो, आणि दार उघडलं किंवा चावी जवळ आली की ब्रेकचा कंट्रोलर जागा होऊन दाब देऊ शकतो. पॅड काढलेले, कॅलिपर लोंबतोय, कुणीतरी गाडीचं दार उघडतं आणि पिस्टन बाहेर येतो. बोट मध्ये असेल तर चिरडतं. म्हणून आधी स्कॅनरने किंवा पुस्तकातल्या क्रमाने मेंटेनन्स मोड, आणि काम संपेपर्यंत दारांना हात नाही. ऑइल बदलताना ‘रेडी’ बंद आणि चावी लांब. इंजिन शांत आहे याचा अर्थ ते बंद आहे असा होत नाही, बॅटरी उतरली की ते आपणहून सुरू होतं.

लिफ्टवर घेताना ईव्हीत हात फक्त ठरलेल्या जॅक पॉइंटवर, पॅकच्या तळावर नाही. पुढची चाकं लोंबत असतील तर ती जोरात फिरवू नका. मोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, चाक फिरलं की मोटर जनरेटर होते आणि तिन्ही फेजच्या वायरीत व्होल्टेज येतं, बॅटरी काढलेली असली तरी. टो करतानाही म्हणूनच चालवणारी चाकं जमिनीवरून उचललेली हवीत. मोटर उघडायची वेळ आली आणि कुणाला पेसमेकर असेल तर त्याने त्या रोटरच्या आसपासही यायचं नाही.

डेंटिंगच्या मिस्त्रीला तीन गोष्टी ठणकावून सांगा. वेल्डिंगआधी गाडी मृत, आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी. केशरी केबलच्या रस्त्यात ग्राइंडर, ड्रिल, स्लाईड हॅमर नाही. आणि पेंट बूथचं तापमान. पॅक गाडीत असताना किती अंशांपर्यंत आणि किती वेळ चालतं ते पुस्तकात दिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी ते ६० अंशांच्या आसपास थांबतं. नेहमीच्या ८० अंशांच्या बेकिंगला गाडी घालायची असेल तर पॅक उतरवावा लागतो. केबलचं आवरण खरचटलेलं दिसलं तर टेप लावून भागवू नका. आत इन्सुलेशनबरोबर धातूची जाळीही असते, ती दबून कोरला टेकली असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. केबल बदलायचीच.

बॅटरीवाली_औरंगपुरा

सांगलीकरांनी विचारलं नाही, पण स्कूटर आणि ई-रिक्षाही तुमच्याकडे येणारच, म्हणून लिहिते. नियमात डीसीसाठी ६० व्होल्टच्या वर हाय व्होल्टेज धरतात. १४ सिरीज (ओळीने जोडलेले १४ सेल) एनएमसीचा पॅक पूर्ण भरला की ५८.८, १६ सिरीज एलएफपीचा ५८.४ (एनएमसी, एलएफपी हे लिथियम सेलचे प्रकार). दोन्ही रेषेच्या जेमतेम खाली. ‘७२ व्होल्ट’ म्हणतात तो २० सिरीज एनएमसी पॅक ८४ पर्यंत जातो, म्हणजे तो हाय व्होल्टेजच.

रेषेखालच्या पॅकमध्ये शॉक किरकोळ, पण शॉर्ट भयंकर. पॅक आणि वायर मिळून ५० मिलीओहम धरले तर ५० व्होल्टला १००० ॲम्पिअर. हातातलं कडं दोन टर्मिनलमध्ये आलं तर ते तापून लाल होतं आणि मनगटातून निघत नाही. एका वेळी एकच टर्मिनल उघडं, दुसऱ्यावर रबरी टोपी, हे मोडू नका.

पॅक कंट्रोलरला जोडताना कपॅसिटर रिकामा असतो म्हणून मोठी ठिणगी पडते आणि कनेक्टरच्या पिना जळून काळ्या होतात. आधी १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद मध्ये धरून कपॅसिटर भरून घ्या, मग कनेक्टर लावा. बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) बदलताना काढायला आधी बॅलन्सच्या, म्हणजे प्रत्येक सेलकडे जाणाऱ्या, बारीक वायरींचा कनेक्टर, मग बॅटरीच्या मायनसची मोठी वायर (बी-मायनस). लावताना उलटा क्रम. बॅलन्सच्या वायरींत एकही मागेपुढे झाली तर बीएमएस तिथेच जळतो, म्हणून लावण्याआधी पिनेगणिक व्होल्टेज चढत जातंय ना ते मोजा.

चार्जरची अदलाबदल हे आगीचं मोठं कारण. १३ सिरीज एनएमसी पॅकला ५४.६ व्होल्टचा चार्जर लागतो. दोन्हीवर ‘४८ व्होल्ट’ लिहिलंय म्हणून कुणी ५८.४ चा लावला तर प्रत्येक सेलवर जवळजवळ ४.५ व्होल्ट येतात. बीएमएसने तोडलं तर ठीक. तोच बायपास केलेला असेल तर सेल फुगतो, गॅस सोडतो आणि पेटतो. आणि २ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला लिथियम सेल ‘उठवून’ परत वापरू नका. आतलं तांबं विरघळून नंतर आतल्या आत शॉर्ट करतं.

कृष्णाकाठ गॅरेज, सांगली

ताई, धन्यवाद, बायपास केलेल्या बीएमएसची एक रिक्षा दारात उभीच आहे, ती परत पाठवतो. शेवटचा प्रश्न. इथे २०१९ सारखा पूर आला आणि ईव्ही पाण्यात गेली तर? आणि कुणाला शॉक बसला तर नेमकं काय करायचं?

रबरीमोजे_नाशिक

पुरातली गाडी: चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. फ्लॅटबेडवर आणा आणि इमारती, दुसऱ्या गाड्या यांपासून १५ मीटर लांब, उघड्यावर ठेवा. गाळ आत शिरलेला असेल तर आग दिवसांनीही लागते. कोकणात भरतीचं खारं पाणी लागलेलं असेल तर जास्तच, कारण मीठ सुकल्यावरही कनेक्टरमध्ये राहतं आणि दमट हवेत परत करंट वाहायला लागतो. पॅकमधून फसफस, बुडबुडे, गोडसर-उग्र वास किंवा पांढरा धूर आला की माणसं लांब करा आणि १०१ ला फोन करून ‘लिथियम बॅटरीची गाडी’ असं स्पष्ट सांगा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराईड असू शकतं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहा. पावडरचं सिलिंडर आजूबाजूची आग विझवतं, सेलमधली नाही. तिला भरपूर पाणी लागतं, आणि विझल्यासारखी वाटून परत पेटते.

हायक्रॉसची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड, तिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, कातडी जाळणारा अल्कली. सांडलं तर टोयोटाच्या सूचनेत २० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम बोरिक ॲसिड दिलंय. अंगावर उडालं तर मात्र बोरिक नाही, नुसतं भरपूर पाणी, वीस मिनिटं तरी.

शॉक बसलेल्या माणसाला हाताने ओढायचं नाही. शॉकने स्नायू आवळले जाऊन हात सुटेनासा होऊ शकतो. इन्सुलेटेड हूकने किंवा कोरड्या लाकडी दांड्याने त्याला बाजूला करायचं. म्हणून असं काम एकट्याने करायचं नाही, दुसरा माणूस दोन पावलं मागे नुसता बघत उभा हवा. १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. आणि माणूस उठून बसला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी ईसीजीसाठी दवाखान्यात न्यायचाच. हृदयाचे ठोके काही तासांनीही बिघडू शकतात.

इन्व्हर्टर_पुणे

परत जोडताना काय, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. केशरी केबलचे बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कने, अंदाजाने आवळायचे नाहीत. सैल राहिलेली लग तापते, वितळते आणि तिथेच ज्वाळा धरते. कव्हर लावण्याआधी पाने, नट, वॉशर मोजून घ्या. मोजे घालूनच सर्व्हिस प्लग बसवा. टोयोटाच्या प्लगचा दांडा आडवा करून शिवाय सरकवून लॉक करावा लागतो. तो शेवटचा टप्पा राहिला तर इंटरलॉक (प्लग नीट बसला का ते बघणारं सर्किट) जुळत नाही आणि गाडी ‘रेडी’ होत नाही. पुष्कळदा अशी गाडी बिघडली समजून परत उघडली जाते. १२ व्होल्टची मायनस सगळ्यात शेवटी. मग ‘रेडी’ करा, स्कॅनरने कोड परत वाचा, इन्सुलेशनचा आकडा दिसत असेल तर तो जॉब कार्डवर लिहा, आणि पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची.